रिपोर्ट नॉर्मल आला, तरी दुखणं खरंच असतं
जुनाट वेदनेविषयी: पहिल्या भेटीआधी जरूर वाचा

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या अनेकांच्या हातात एक्स-रे, एमआरआय आणि रक्ततपासण्यांची जाड फाईल असते. सगळं दाखवून झालं की ते हळूच विचारतात, "यात काहीच निघालं नाही. म्हणजे हे माझ्या मनाचेच खेळ का?"

नाही. तुम्हाला दुखतंय, म्हणजे दुखतंय. आमची तपासणी इथूनच सुरू होते.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या वेदनेला जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात तिला स्वतंत्र जागा आहे. दुसरं कारण सापडलं नाही, तरी वेदना हाच आजार असू शकतो, हे त्यात मान्य केलेलं आहे.

जखम भरली, मग दुखतं का?

हात भाजला की त्या जागी कोमट पाणीही सोसत नाही. तिथल्या नसा तात्पुरत्या हळव्या होतात, म्हणजे आपण ती जागा जपतो. जखम भरली की हा हळवेपणा ओसरायला हवा. काहींच्या बाबतीत तो ओसरत नाही. मज्जारज्जू आणि मेंदू साध्या स्पर्शाचा, हालचालीचा निरोपही वाढवून घेत राहतात. अपुरी झोप, सततचा ताण आणि "हललो तर आणखी बिघडेल" ही भीती त्यात भर घालते.

सगळ्यांचंच दुखणं असं नसतं. गुडघ्याच्या झिजेत सांध्यातूनच निरोप येत असतो. मधुमेहात तळपायांची आग होते किंवा नागीण बरी झाल्यावरही महिनोन्‌महिने त्या जागी जळजळ राहते, तेव्हा नसच दुखावलेली असते. फायब्रोमायल्जिया या आजारात सांधे आणि नसा, दोन्ही ठिकाणी मोठी इजा दिसत नाही, तरी अंगभर दुखतं. एकाच माणसात हे प्रकार एकत्रही असतात आणि उपचार त्यावर ठरतात. म्हणूनच आम्ही तपासणीची घाई करत नाही.

एमआरआयबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्यातल्या शब्दांनी माणसं फार घाबरतात. पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्या झिजलेल्या दिसतात. तेव्हा रिपोर्टमधली झीज हेच तुमच्या दुखण्याचं कारण, असं नुसत्या फोटोवरून ठरवता येत नाही.

पहिल्या भेटीत काय होतं?

आधी आम्ही ऐकतो. ठणका आहे, कळ येते, चमक निघते, मुंग्या येतात की आग होते, हे तुमच्याच शब्दांत सांगा. त्या शब्दांतून बरंच कळतं. आग आणि मुंग्या ऐकल्या की आमचं लक्ष नसांकडे जातं. मग दुखणं किती, याचा ० ते १० मध्ये आकडा विचारतो. तुमचा ७ दुसऱ्या कुणाच्या ७शी ताडून पाहायचा नसतो. महिन्याभरानंतरच्या तुमच्याच आकड्याशी ताडायचा असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुखण्यामुळे काय सुटलं: जिना, मांडी घालून बसणं, रात्रीची सलग झोप, मुलांना उचलून घेणं? मनःस्थितीबद्दलही विचारू. त्याचा अर्थ आम्ही तुमच्यावर अविश्वास दाखवतोय असा नाही.

त्यानंतर सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद, कापसाचा आणि बोथट टोकाचा स्पर्श कसा जाणवतो ते पाहतो. कापूसही खुपत असेल, तर संकोच न करता सांगा.

आमच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका

लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला किंवा हातापायातली शक्ती अचानक कमी झाली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. पाठदुखीसोबत ताप असेल, विनाकारण वजन उतरत असेल किंवा पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

येण्याआधी एक आठवडा वहीत रोज दोन ओळी लिहा: कधी वाढलं, तेव्हा काय करत होता, झोप किती झाली. चालू औषधांची यादी आणा. कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. कपडे सैलसर घाला. रोज तुमच्यासोबत राहणारं कुणी येऊ शकत असेल, तर त्यांनाही घेऊन या. तुम्ही अंगावर काढलेल्या पुष्कळ गोष्टी त्यांनी पाहिलेल्या असतात.