रँक आणि रँक-एल: बिघाड कुठे, यावर उपचार ठरतो

रँक आणि रँक-एल या दोन प्रथिनांची नावं इतकी सारखी आहेत, की वाचताना शेवटचा ‘एल’ नजरेतून निसटतो. हाडांच्या बाबतीत मात्र तो निसटून चालत नाही.

जुनं हाड विरघळवण्याचं काम ऑस्टिओक्लास्ट या पेशी करतात. त्यांतली प्रत्येक मोठी, अनेक केंद्रकांची. ती हाडाला कडेनं घट्ट चिकटते आणि त्या बंदिस्त जागेत आम्ल सोडते. दुधाच्या दाताचं मूळ झिजून दात हलायला लागतो, तेही अशाच पेशींमुळे. रक्तातल्या मोनोसाइट कुळातल्या पेशी एकमेकींत मिसळून ऑस्टिओक्लास्ट बनतात. पण त्यासाठी आधी निरोप यावा लागतो.

तो निरोप म्हणजे रँक-एल. हाडात राहणाऱ्या पेशी, विशेषतः ऑस्टिओब्लास्ट आणि ऑस्टिओसाइट, तो धाडतात. रँक हा तो निरोप ऐकणारा कान, मोनोसाइट कुळातल्या पेशींच्या अंगावरचा. ऑस्टिओपोरोसिससाठी दर सहा महिन्यांनी देतात ते डेनोसुमॅबचं इंजेक्शन निरोपाला, म्हणजे रँक-एलला, वाटेतच धरतं. रँकला हात लावत नाही. दोघांची जनुकंही वेगळी: रँक-एलचं १३व्या गुणसूत्रावर, रँकचं १८व्या.

यातलं कुठलंही जनुक दोन्ही प्रतींत बिघडलं, तर बाळाला ऑस्टिओपेट्रोसिस होतो, म्हणजे जुनं हाड विरघळत नाही आणि हाडं दाट होत जातात. एक्स-रेमध्ये हाडं पांढरीफटक, मज्जेला जागाच उरलेली नाही. रुग्णांमधला रँक-एलचा बिघाड २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, रँकचा २००८ मध्ये. हाडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तरी दोन्हींत एकच दृश्य: ऑस्टिओक्लास्ट नाहीतच. (या आजाराच्या बहुतेक रुग्णांत ऑस्टिओक्लास्ट बनतात, पण हाड विरघळवू शकत नाहीत. ती गोष्ट वेगळी.)

फरक दिसतो तो प्रयोगशाळेतल्या बशीत. बाळाच्या रक्तातल्या मोनोसाइट घेऊन त्यांवर बाहेरून रँक-एल घातलं, की रँक-एलचा बिघाड असलेल्या बाळाच्या पेशी मिसळू लागतात आणि चांगले ऑस्टिओक्लास्ट तयार होतात. रँक बिघडलेल्या बाळाच्या पेशी तशाच पडून राहतात.

माझ्या मते पालकांना सर्वांत आधी हेच समजावून सांगायला हवं, कारण बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा निर्णय यावर अवलंबून असतो. दात्याच्या मज्जेतून नव्या रक्तपेशी येतात, त्यांच्यावर धड रँक असतो; म्हणून रँकच्या बिघाडात ऑस्टिओक्लास्ट बनू लागतात. रँक-एल बनवणाऱ्या हाडाच्या पेशी मात्र ट्रान्सप्लांटनंतरही बाळाच्या स्वतःच्याच राहतात. दात्याच्या पेशी ऐकायला तयार असतात, निरोप येतच नाही. आणि त्या इवल्याशा जिवानं ट्रान्सप्लांटआधीची केमोथेरपी सोसलेली असते.