श्रावणातली अंडी थंडीपर्यंत

श्रावणात अनेक घरांत अंडं वर्ज्य असतं, कोंबड्या मात्र अंडी घालतच राहतात. मुंबईतल्या गोराई-मनोरीची गावठाणं असोत की आरेतले पाडे, ज्यांच्या खुराड्यात चार-सहा गावठी कोंबड्या आहेत त्यांच्याकडे महिनाभरात बरीच अंडी साठतात. पुढे थंडीत एखादी कोंबडी खुडूक बसते, एखादीची पिसं झडू लागतात, अंडी कमी होतात आणि नेमका तेव्हाच बाजारभाव चढतो. मग ही अंडी तोवर टिकवायची कशी?

थंडीत अंडी कमी होण्यामागे उजेडही असतो. लंडनसारख्या शहरात डिसेंबरचा दिवस जेमतेम ८ तासांचा असतो. कोंबडीच्या मेंदूत कवटीतून झिरपणारा उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. उजेड घटला की बीजकोशाकडे जाणारे संदेश मंदावतात आणि तिथल्या कोंबड्या अंडी घालायच्या जवळजवळ थांबतातच. मुंबईत सर्वांत लहान दिवससुद्धा ११ तासांच्या आसपास असतो, म्हणून आपल्याकडे अंडी आटतात, पण सहसा पूर्ण थांबत नाहीत. आपली खरी अडचण उजेडाची नाही, उष्म्याची आहे.

अंड्याकडे स्वतःचं रक्षण करायची फार सुंदर व्यवस्था असते. कवचात हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि अंडं घालताना त्यांवर प्रथिनांचा एक पातळ ओलसर थर चढतो, जो काही मिनिटांत वाळून छिद्रं झाकतो. आतल्या पांढऱ्यात लायसोझाइम असतं. पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये जगापुढे मांडलेलं हे विकर अनेक जंतूंच्या भिंती फोडतं. पांढऱ्यातलंच दुसरं एक प्रथिन लोह घट्ट धरून ठेवतं, आणि लोहाशिवाय जंतूंची वाढ खुंटते. लोहाचा साठा असतो बलकात, एका नाजूक पडद्याआड. दिवस जातील तसा छिद्रांवाटे कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढरं पातळ होतं आणि हा पडदा सैल पडतो. बलकातलं लोह आणि पोषण पांढऱ्यात उतरू लागलं की जंतूंना हवं ते सगळं मिळतं. थंडाव्यात याला आठवडे लागतात, उकाड्यात ते फार लवकर होतं.

त्यातून कोंबड्यांमध्ये कोंबडा असेल तर आणखी एक गोष्ट. साधारण २१ अंशांच्या वर फळलेल्या अंड्यात गर्भाची वाढ सुरू होऊ शकते, आणि मुंबईचं स्वयंपाकघर वर्षातला बहुतेक काळ त्याहून गरमच असतं. म्हणून अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवावीत.

ठेवण्यापूर्वी ती धुऊ नयेत. गार पाण्यात बुडवलं की आतला भाग आकसतो आणि छिद्रांतून पाणी, पाण्याबरोबर घाण, आत ओढली जाते. शेण-माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी. फारच माखलेलं किंवा तडकलेलं अंडं साठवणीसाठी घेऊच नये. फ्रीजच्या दारातली जागा टाळावी, कारण दार उघडताना तिथलं तापमान सारखं वर-खाली होतं. एकदा गार केलेलं अंडं तासन्‌तास ओट्यावर ठेवू नये. मुंबईच्या दमट हवेत त्यावर मिनिटभरात बारीक थेंब जमतात आणि त्या ओलाव्यातून जंतूंना आत शिरायला वाट मिळते. ४ अंशांच्या आसपास कवचातलं अंडं ३ ते ५ आठवडे चांगलं राहतं. पाण्यात तरंगणारं अंडं जुनं असतं एवढंच खरं. बुडालेलं अंडं निर्जंतुक आहे असा त्याचा अर्थ नाही.

युरोप-अमेरिकेत फ्रीज येण्याआधी अंडी महिनोन्‌महिने चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवत. निवळी तीव्र अल्कधर्मी असल्याने कवचावरचे जंतू तिच्यात तग धरत नाहीत आणि छिद्रंही बुजतात. पण त्या बरण्या थंड तळघरात असायच्या. शिवाय साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूचा एक प्रकार कवच तयार होण्याआधीच, कोंबडीच्या शरीरात अंड्यात उतरू शकतो. बाहेरचा चुना त्याच्यापर्यंत पोचत नाही. आपल्या ३० अंशांत अशी बरणी फळीवर ठेवणं मला धोक्याचं वाटतं, आणि ते कोणी करू नये असं मी कळकळीने सांगेन.

थंडीपर्यंत टिकवायचं तर फ्रीझर हाच खात्रीचा मार्ग. अंडी ताजी असतानाच गोठवावीत, पण कवचासकट नाही. आतलं पाणी गोठताना फुगतं आणि कवच तडकतं. एकेक अंडं वाटीत फोडून, वास-रंग पाहून मग मोठ्या भांड्यात ओतावं. फेस न आणता हलकं फेटावं, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावं आणि वड्या तारीख लिहिलेल्या घट्ट पिशवीत भराव्यात. नुसतं पांढरं तसंच गोठवलं तरी चालतं. नुसता बलक मात्र गोठला की त्यातले स्निग्ध कण एकमेकांना चिकटतात आणि बर्फ सुटल्यावर हाती घट्ट खळीसारखा गोळा येतो, जो काही केल्या मिसळत नाही. चार बलकांना चहाच्या चमच्याचा आठवा भाग मीठ किंवा असाच दीड चमचा साखर घातली की हे बरंच टळतं. पिशवीवर ‘मीठ’ की ‘साखर’ हे जरूर लिहावं, नाहीतर नाताळच्या केकमध्ये खारा बलक जायचा.

उणे १८ अंशांत ही अंडी वर्षभर टिकतात. वापरायच्या आदल्या रात्री वड्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवाव्यात, ओट्यावर नाही. फेटलेल्या अंड्याचे ३ टेबलस्पून म्हणजे बाजारातलं एक मोठं अंडं. गावठी अंडं लहान, त्यामुळे नगावर न जाता मापानेच घ्यावं. गोठवल्याने साल्मोनेला मरतोच असं नाही, म्हणून पदार्थ आतपर्यंत किमान ७१ अंश तापला पाहिजे. भुर्जी, कालवण, केक यांसाठी ही अंडी उत्तम. कच्च्या अंड्याचं मेयोनीज किंवा अर्धवट शिजलेलं ऑम्लेट यांसाठी ती वापरू नयेत, आणि घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मुळीच नाही.