कार्बनची सामाजिक किंमत, राष्ट्रीय

वातावरणात एक जादा टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यामुळे पुढील काळात होणाऱ्या आर्थिक हानीचे आजच्या चलनातील मूल्य म्हणजे कार्बनची सामाजिक किंमत. या हानीचा जो भाग एखाद्या देशाच्या वाट्याला येतो, ती त्या देशाची राष्ट्रीय किंमत होय. तो टन कोठे उत्सर्जित झाला याला येथे महत्त्व नाही, कारण हा वायू साऱ्या वातावरणात मिसळतो. म्हणूनच एखाद्या देशाच्या उत्सर्जनाने जगाचे होणारे नुकसान आणि जगाच्या उत्सर्जनाने त्या देशाचे होणारे नुकसान या दोन राशी वेगळ्या ठेवणे अत्यावश्यक आहे.

संकल्पनेचे मूळ बहुधा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी १९२० मध्ये केलेल्या खाजगी व सामाजिक खर्चांतील तफावतीच्या विवेचनात शोधले जाते. तथापि पिगू यांच्याकडून कर आकारणीचे तर्कशास्त्र मिळाले. कार्बनच्या हानीचे मापन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांच्या १९७० च्या दशकापासूनच्या कामातून घडत गेले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नॉर्डहाउस यांचे ‘डाइस’ हे हवामान व अर्थव्यवस्था एकत्र मांडणारे गणिती प्रतिमान जगाला एकच अर्थव्यवस्था मानते, तर नव्वदीच्या दशकातील ‘राइस’ प्रतिमानात प्रदेशवार विभागणी आली. जुने अंदाज पुष्कळदा कार्बनच्या टनामागे दिलेले असतात. ते कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे आणण्यासाठी ४४/१२ ने (कार्बन डायऑक्साइड व कार्बन यांच्या वस्तुमानांचे गुणोत्तर), म्हणजे सुमारे ३.६७ ने, भागावे लागतात.

खरा वाद वटाव दराचा आहे. भावी पिढ्यांच्या हानीला आज किती वजन द्यायचे हे हा दर ठरवतो; दर जितका चढा, तितके हे वजन कमी. अमेरिकेच्या आंतरविभागीय कार्यगटाने २०२१ मध्ये ३ टक्के दराने टनामागे ५१ डॉलर ही किंमत धरली. त्याच देशाच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये २ टक्के दराने १९० डॉलर धरली. या वाढीत हानीविषयीच्या नव्या संशोधनाचाही वाटा आहे. त्याआधी २०१७ नंतर केवळ देशांतर्गत हानी मोजून आणि चढे वटाव दर लावून हा आकडा काही डॉलरांवर आणला गेला होता. देशापुरतेच मोजले की प्रत्येक देशाचा आकडा लहान दिसतो आणि बहुतांश हानी कोणाच्याच हिशेबात येत नाही; या कारणास्तव जागतिक मूल्य वापरणेच सयुक्तिक ठरते.

देशनिहाय अंदाजांमध्ये कॅथरीन रिके व सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास सर्वाधिक उद्धृत होतो. त्यात जागतिक मध्यक, म्हणजे अंदाजांतील मधले मूल्य, टनामागे ४१७ डॉलर असून संभाव्य मर्यादा १७७ ते ८०५ डॉलर इतकी रुंद आहे. भारताचा वाटा ८६ डॉलर, म्हणजे सर्व देशांत मोठा. अमेरिकेचा ४८, सौदी अरेबियाचा ४७, चीन व ब्राझीलचा प्रत्येकी २४. कॅनडा, रशिया आणि उत्तर युरोपातील देशांसाठी आकडा ऋणही येतो. या निष्कर्षांमागे तापमानाचा परिणाम केवळ उत्पन्नाच्या पातळीवर नव्हे, तर वाढीच्या वेगावर होतो हे गृहीतक आहे, आणि ते सर्वमान्य नाही. बर्क, श्यांग व मिगेल यांच्या २०१५ च्या विश्लेषणात उत्पादकता सुमारे १३ अंश सेल्सिअस वार्षिक सरासरी तापमानाला सर्वाधिक आढळली. भारताची सरासरी त्याहून बरीच वर असल्याने प्रत्येक जादा अंश येथे अधिक महाग पडतो. समुद्रपातळीतील वाढ अशा अंदाजांत सहसा येत नाही.

या आकड्यांशी तुलना करता, भारतात कोळशावरील उपकर २०१० मध्ये कोळशाच्या टनामागे ५० रुपये होता आणि २०१६ पर्यंत ४०० रुपये झाला. कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे तो तेव्हा ढोबळमानाने चार डॉलरांच्या आसपास भरत होता.