पुढचे पाय कमजोर असलेल्या कुत्र्यासाठी गाडी निवडताना

कुत्र्याची व्हीलचेअर म्हटली की मागे दोन चाकं असलेली गाडी डोळ्यांसमोर येते. बाजारात सहज मिळते तीही तीच. कंबर किंवा मागचे पाय गेलेल्या कुत्र्यासाठी ती चांगलीच आहे, पण पुढचे पाय कमजोर असतील तर ती घेऊ नका. त्या गाडीत ओढण्याचं सगळं काम पुढच्या पायांवर येतं आणि आधीच थकलेले खांदे आणखी बसतात.

कुत्रा नुसता उभा असला तरी त्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, कारण डोकं, मान, छाती सगळं पुढेच. २० किलोचा कुत्रा असेल तर जवळपास १२ किलो पुढे. पुढच्या चाकांच्या गाडीला हा भार पेलायचा असतो आणि कुत्रा हातगाडी ढकलावी तसा मागच्या पायांनी ती पुढे ढकलत असतो. चाकांचा आस, म्हणजे चाकं ज्यावर बसतात तो दांडा, थोडा जरी मागे सरकला तरी गाडी नाकावर पडायला बघते. फार पुढे गेला तर भार मागच्या पायांवर जातो. म्हणून आस पुढेमागे सरकवता येणारीच गाडी घ्या, मग ती आमची असो वा दुसऱ्या कुणाची.

आधी डॉक्टर

पाय का कमजोर झाले हे कळल्याशिवाय आम्ही माप घेत नाही. रस्त्यावर वाहनाची धडक बसून खांद्याजवळच्या नसा तुटल्या असतील तर एक पाय लोंबत राहतो आणि पंजा उलटा घासतो. अशा वेळी त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली लहान दिसते का, तेही डॉक्टरांना दाखवा. नस कुठे दुखावली आहे याचा त्यावरून अंदाज येतो. नस नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पाय सुधारूही शकतो. डिस्टेंपर (कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार), कोपराचा संधिवात, डॉबरमन आणि ग्रेट डेनमध्ये दिसणारा मानेच्या मणक्यांचा आजार, प्रत्येकाची वाट वेगळी.

मान वळवताना किंवा उचलताना कुत्रा किंचाळत असेल तर गाडीचा विचार तूर्त बाजूला ठेवा. मानेतली चकती सरकलेली असू शकते. त्यात सुरुवातीला सक्तीची विश्रांती लागते आणि गळ्यातला पट्टा तर अजिबात नको. तुमच्या भागात मणक्याची नीट तपासणी होत नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी किंवा उदगीर, यांपैकी जवळ पडेल त्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात चौकशी करा.

दूध-पोळीवर किंवा नुसत्या मटणावर वाढलेल्या पिल्लाचे पुढचे पाय वाकले असतील, तर बहुतेक वेळा आहारातला कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ बिघडलेला असतो. तिथे आहार आणि उपचार आधी. कॅल्शियमची बाटली मनानेच सुरू करू नका; मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियमही बाधतं.

दोन चाकं की चार?

हे मागच्या पायांवर ठरतं आणि घरच्या घरी बघता येतं. सतरंजी अंथरा, कारण फरशीवर चांगले पायही घसरतात. छातीखालून जाड टॉवेल घालून पुढचा भाग उचलून धरा आणि दुसऱ्या कुणाला तरी समोरून खाऊ दाखवायला सांगा. मागचे पाय सरळ पडत असतील, रेटा देत असतील, तर पुढे दोन चाकांची गाडी पुरेल. पाय एकमेकांत अडकत असतील, नखं घासल्याचा आवाज येत असेल किंवा चार पावलांत कुत्रा मागे बसकण मारत असेल, तर चारचाकीच घ्या. आजार वाढत जाणारा असेल तरी आमचा सल्ला चारचाकीचाच राहील. ती थोडी जड आणि महाग पडते, पण काही महिन्यांनी दुसरी गाडी घेण्याची वेळ येत नाही.

पुढचा एकच पाय कापलेला असेल आणि कुत्रा तीन पायांवर मजेत फिरत असेल, तर गाडीची घाई करू नका. वजन आटोक्यात ठेवा आणि उरलेल्या पायाचं मनगट दबत चाललंय का याकडे लक्ष असू द्या.

माप घेताना

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. कमजोर कुत्रा खांदे टाकून उभा राहतो, त्याच अवस्थेत जमिनीपासून छातीपर्यंतची उंची मोजली जाते आणि गाडी बुटकी येते. मग कुत्रा गाडीतही वाकूनच चालतो. म्हणून दोघांनी मिळून माप घ्या. एकाने टॉवेलने पुढचा भाग उचलायचा आणि बाजूने बघून खांदे व कंबर एका रेषेत आणायची. दुसऱ्याने पुढच्या पायांच्या लगेच मागे, जमिनीपासून छातीच्या तळापर्यंत उंची मोजायची. त्यानंतर काखेमागून छातीचा घेर, खांद्यांची सर्वांत जास्त रुंदी आणि छातीच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी. टेप शिंप्याची वापरा, केस दाबून मोजा. वजन ताजं हवं. झोपलेल्या कुत्र्याचं माप पाठवू नका.

पट्टे आणि चाकं

भार छातीच्या हाडावर, रुंद गादीवर यायला हवा. गळ्यावर पट्टा येत असेल तर ती गाडी परत करा. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. पायांत थोडा जीव असेल तर पंजे जमिनीला हलके टेकू द्या, तेवढाच व्यायाम. पाय पूर्ण लुळे असतील तर ते झोळीत वर घ्या, नाहीतर पंजाची वरची बाजू रस्त्यावर सोलवटून निघते.

पेव्हर ब्लॉक आणि खडीसाठी मोठी चाकं लागतात. बाभळीचे काटे असलेल्या भागात हवेचं चाक नको, भरीव फोमचं घ्या. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने लोखंडी फ्रेम लवकर गंजते. तिथे ॲल्युमिनियम बरं. घरातला सर्वांत अरुंद दरवाजाही मोजून कळवा.

पहिले काही दिवस

दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटं, एवढंच. गाडी काढली की काखेतले केस बाजूला सारून कातडी बघा. लाल डाग थोड्या वेळात गेला नाही तर गाडी घालणं थांबवून आम्हाला फोटो पाठवा. बहुधा पट्ट्याची जागा बदलून काम होतं. पावसात भिजलेला पट्टा फार लवकर काचतो, तो वाळवूनच घाला. मागच्या पायांची नखं आणि पंजांमधले केस कापलेले ठेवा, रेटा देताना पकड लागते. गाडीत कुत्र्याला नीट आडवं होता येत नाही, म्हणून त्याला गाडीत एकटं सोडू नका. जिन्यावर तर नाहीच.

मागणी नोंदवताना मापांसोबत डॉक्टरांचा कागद आणि टॉवेलच्या आधाराने चालतानाचा बाजूने घेतलेला व्हिडिओ पाठवा. व्हिडिओत मागचे पाय दिसायला हवेत.