मोशेचे शुद्धीचे नियम म्हणजे हायजीन नव्हे

मोशे या संदेष्ट्याने प्राचीन इस्राएलला दिलेले शुद्ध-अशुद्धीचे नियम म्हणजे त्या काळचं आरोग्यशास्त्र, देवाने जंतूंपासून वाचवायला दिलेलं, असं वर्षानुवर्षं सांगतात. पण बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा 14वा अध्याय नीट वाचा ना. घराच्या भिंतीवर चट्टे दिसले तर याजक (पुरोहित) तपासायला यायच्या आधी सामान बाहेर काढायचं, का तर त्याने घर अशुद्ध ठरवलं की आतलं सगळंच अशुद्ध होईल म्हणून! संसर्गाची भीती असती तर तेच सामान आधी अडवलं असतं. आणि 13व्या अध्यायात तर त्वचारोगाने ज्याचं अख्खं अंग पांढरं पडलंय तो शुद्ध.

बायबलच्याच गणना या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातली लाल कालवड घ्या, तिच्या राखेचं पाणी प्रेताला शिवलेल्या माणसावर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी शिंपडायचं, तो शुद्ध होतो पण शिंपडणारा संध्याकाळपर्यंत अशुद्ध, आता यात कुठलं हायजीन?

या नियमांचं कारण लेवीयच्या 11व्या अध्यायातच देवाने दिलंय, मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा. प्रश्न देवाच्या निवासमंडपाजवळ, म्हणजे उपासनेच्या पवित्र तंबूजवळ, जाण्याचा होता. आणि अशुद्ध म्हणजे पापी असंही नाही, बाळंतपण किंवा आईबापाला पुरणं हे पाप कसं असेल? आज्ञा मोडली जायची ती शुद्धी मुद्दाम टाळली तर.