वीरा साथीदार आणि विदर्भातलं गाणारं राजकारण

मे २०२५ मध्ये नागपुरात विदर्भ साहित्य संघाच्या सभागृहात कार्यकर्ते आणि नट वीरा साथीदार यांच्या स्मृतीत कार्यक्रम झाला. तिथं तरुण कलावंतांनी फैज अहमद फैज यांची ‘हम देखेंगे’ ही १९७९ सालची नज्म गायली. तिच्यातल्या सिंहासनं उलथण्याच्या ओळीवरून तक्रार झाली आणि सीताबर्डी पोलिसांनी आयोजक आणि वक्ता यांच्यावर गुन्हा नोंदवला. त्यात भारतीय न्याय संहितेचं १५२ वं कलम होतं. देशाची सार्वभौमता, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी हे कलम आहे. जुन्या राजद्रोहाच्या कलमाची जागा त्यानं घेतली, असं कायद्याचे जाणकार सांगतात.

वीरा साथीदार यांना बहुतेकांनी ओळखलं ते ‘कोर्ट’ या मराठी सिनेमामुळे. चैतन्य ताम्हाणे यांच्या या सिनेमाला २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये भारतातर्फे ऑस्करसाठी तोच पाठवला गेला. साथीदार यांनी त्यात नारायण कांबळे या म्हाताऱ्या लोकशाहिराची भूमिका केली. शाहीर मुलांची शिकवणी आटोपतो, बसनं कार्यक्रमाला जातो आणि मंचावर गात असतानाच पोलीस त्याला धरून नेतात. त्याचं गाणं ऐकून एका गटार सफाई कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप असतो. त्यानंतर तारखांमागून तारखा पडत राहतात. साथीदार पेशानं नट नव्हते. तरी पडद्यावर त्यांना पाहताना हा माणूस अभिनय करतो आहे असं कुठंच वाटत नाही. न्यायाधीशापुढचं त्यांचं उभं राहणं, प्रश्नाला दिलेलं तुटक उत्तर, चेहऱ्यावरचा थकवा आणि त्यामागचा न वाकणारा ताठा, हे सगळं त्यांनी आयुष्यभर जवळून पाहिलेलं होतं.

म्हणूनच त्यांची आठवण एका सिनेमापुरती ठेवली तर त्यांच्यावर अन्याय होतो. अशा कार्यकर्त्याची घडण समजून घ्यायची तर विदर्भाच्या खेड्यांकडे यावं लागतं. इथं गाणं आणि राजकारण कधी वेगळं नव्हतंच.

नागपूर जिल्ह्यातलं मोहपा हे गाव घ्या. किसन फागुजी बनसोड १८७९ साली तिथं जन्मले. त्यांनी अस्पृश्य समाजात शिक्षणाचा प्रचार केला, ‘मजूर पत्रिका’ आणि ‘चोखामेळा’ ही पत्रं चालवली, कविता लिहिल्या, चोखोबावर कीर्तनं केली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत विचार नेण्याचा रस्ता त्यांना ठाऊक होता: आधी गाऊन सांगायचं आणि मग छापायचं. इकडे वऱ्हाडात सत्यशोधकांची चळवळ गावोगाव पसरत होती. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीत वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली, अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि जागा होती इंद्रभुवन थिएटर. अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न तेव्हा पेटला होता. नाटकाच्या थिएटरात हक्काची परिषद भरावी, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लोकांना एकत्र जमायला जी जागा होती तिथंच राजकारण झालं.

आणि हे एका समाजापुरतंच नव्हतं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा हातात खराटा घेऊन कीर्तनातून सावकार, दारू आणि शिवाशिवीवर बोलायचे. समोरच्यालाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी तर सगळ्या विदर्भानं ऐकली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी ‘भारत छोडो’च्या लढ्यात चिमूर पेटलं. त्याच महिन्यात इंग्रज सरकारनं तुकडोजींना चंद्रपुरात अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भजन म्हणणारा माणूस सरकारला धोकादायक वाटला, याचं आज कुणाला नवल वाटत नाही, उलट अभिमानच वाटतो. मोझरीला जाणारे कित्येक जण ही गोष्ट आपल्या मुलांना सांगतात.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर या गाण्यात मोठा बदल झाला. देव सोडले होते, पण गळा आणि ढोलक तेच होतं. जात्यावर विठोबाऐवजी भीमराव आला. गावोगावी गायन पार्ट्या उभ्या राहिल्या. दिवसभर वावरात निंदण नाहीतर कापूस वेचणी करायची आणि सांजेला विहारात पेटी, ढोलक घेऊन बसायचं. नागपूरचे नागोराव पाटणकर यांच्यासारख्या कव्वालांचे मुकाबले ऐकायला लोक बंड्या जुंपून जात. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं रात्रभर रंगायची. त्यांचे विषय वेगळे, पण एका माणसानं उभं राहून गावाला खरं सुनावायचं ही सवय तीच. मी अशा जलशांत लहानाचा मोठा झालो. शाळेच्या पुस्तकात जे नव्हतं ते मला त्या गाण्यांनी शिकवलं: महाडचं तळं, पुणे करार, मजुराचा दाम. आमच्या पिढीतल्या अनेकांचं असंच झालं.

मग नामांतराचा लढा आला. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. शेकडो किलोमीटरच्या त्या वाटेवर लोक गाणी म्हणत चालले, आणि त्यात खेड्यातल्या बायाही होत्या. नामांतर, किंवा रीतसर म्हणायचं तर नामविस्तार, व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं.

वीरा साथीदार याच हवेत वाढले. बालपण वर्ध्याकडच्या खेड्यात, कष्टकरी घरात, आणि पुढचं आयुष्य नागपूरच्या वस्तीत. कामगारांत संघटना बांधणं, वस्त्यांत सभा घेणं, गाणी, कविता, पथनाट्य, इप्टा या डाव्या नाट्यचळवळीचं काम, रिपब्लिकन पँथर्सच्या जातीअंताच्या चळवळीशी नातं आणि ‘विद्रोही’ मासिकाचं संपादन. आंबेडकर आणि मार्क्स दोघांनाही सोबत घेऊन चालू पाहणारी ही वाट. अशा माणसावर दोन्हीकडून संशय घेतला जातो. सरकारला तो नक्षलवादी वाटतो आणि आपल्यातल्याच काहींना तो पुरेसा आंबेडकरवादी वाटत नाही. साथीदार यांनी ही वाट सोडली नाही. चळवळीतल्या अनेकांना संसार, नोकरी, निवडणूक यांनी ओढून नेलं, त्या काळात ते वस्तीतच राहिले, याचं मोल माझ्या लेखी कुठल्याही पुरस्कारापेक्षा जास्त आहे.

तो काळ विदर्भात सोपा नव्हता. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांना मारण्यात आलं. भैयालाल तेवढे वाचले. दीक्षेच्या पन्नासाव्या वर्षात हे घडलं. त्यानंतर नागपूर, अमरावती, यवतमाळ पेटले आणि रस्त्यावर उतरलेल्या तरुणांमागे पोलिसांचा ससेमिरा लागला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी ठरवलं आणि त्यातल्या सहांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली. अ‍ॅट्रॉसिटीचं कलम मात्र शेवटपर्यंत लागलं नाही, आणि ही सल गावागावातल्या बौद्ध वस्त्यांत अजून जिवंत आहे.

त्यातच जानेवारी २०११ मध्ये ‘विद्रोही’चे सुधीर ढवळे यांना वर्ध्याच्या साहित्य कार्यक्रमाहून परतताना पोलिसांनी पकडलं. आरोप होता माओवाद्यांशी संबंधांचा. चाळीस महिने तुरुंगात काढल्यावर मे २०१४ मध्ये गोंदियाच्या सत्र न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘कोर्ट’ व्हेनिसला दाखवला गेला. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला नारायण कांबळेची गोष्ट कल्पनेतली वाटली असेल. वर्धा आणि गोंदियाच्या माणसाला ती तारखांसकट माहीत होती. दुर्दैव असं की तालुक्याच्या गावी असा सिनेमा लागतच नाही. ज्यांच्या आयुष्यावर तो होता त्यांनी तो नंतर मोबाइलवर पाहिला, तोही मोजक्यांनी.

१३ एप्रिल २०२१ रोजी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, साथीदार नागपूरच्या एम्समध्ये गेले. दुसऱ्या दिवशी भीमजयंती होती, पण त्या साली मिरवणुका बंद होत्या, सभा बंद होत्या. ज्या माणसानं आयुष्यभर माणसं जमवली त्याच्या निरोपाला माणसं जमू शकली नाहीत. म्हणून पुढं दरवर्षी स्मृतिकार्यक्रम घेणं त्यांच्या सहकाऱ्यांना गरजेचं वाटलं असेल, तर ते समजण्यासारखं आहे.

‘कोर्ट’ जपायला मोठ्या संस्था आहेत. साथीदारांची बाकीची कमाई मात्र विखुरलेली आहे: ‘विद्रोही’चे अंक, वस्तीतल्या सभांची भाषणं, पथनाट्यांच्या हातानं लिहिलेल्या संहिता, कुणाच्या तरी जुन्या मोबाइलमधली ध्वनिमुद्रणं. यातलं ज्यांच्याकडे काही असेल त्यांनी त्याच्या प्रती काढून ठेवाव्यात. वर्धा, भंडारा आणि गोंदियाच्या ग्रंथालयांनी, विहारांच्या वाचनालयांनी त्या मागून घ्याव्यात, आणि गायन पार्टीतले म्हातारे हयात आहेत तोवर त्यांची गाणीही सोबतच उतरवून घ्यावीत.