सादीची ‘गुलिस्तान’: राजापुढे सांगितलेले शहाणपण

‘आदमाची लेकरे एकाच देहाचे अवयव आहेत, एक दुखावला की बाकीच्यांना चैन पडत नाही.’ इराणातल्या शिराजचा तेराव्या शतकातला फारसी कवी सादी याच्या ‘गुलिस्तान’ या पुस्तकातल्या या ओळी आज जगभर उद्धृत होतात. दुसऱ्याच्या दुःखाची ज्याला खंत नाही त्याला माणूस म्हणू नये, असा त्यांचा शेवट आहे. पण मूळ पुस्तकात त्या कोणाला उद्देशून आल्या आहेत, हे सहसा सांगितले जात नाही. मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते.

गोष्ट दमास्कसच्या जामा मशिदीतली. अन्यायासाठी कुप्रसिद्ध असलेला एक अरब राजा तिथे येतो, नमाज पढतो आणि सादीला म्हणतो, ‘बलाढ्य शत्रूची भीती वाटते, माझ्यासाठी दुआ कर.’ सादी उत्तर देतो, ‘दुबळ्या रयतेवर दया कर, म्हणजे बलवान शत्रूचा त्रास होणार नाही.’ या बोलण्याच्या ओघात त्या ओळी येतात. म्हणजे हे सत्ताधाऱ्याला तोंडावर सुनावलेले बोल आहेत.

राजाला गोष्टीतून शहाणे करण्याची ही रीत सादीच्या फार आधीची. इस्लामपूर्व सासानी इराणात ‘अंदर्ज’ म्हणजे उपदेशपर लेखनाची परंपरा होती. सहाव्या शतकात सासानी राजा खुसरो अनुशिरवानच्या दरबारातल्या बुर्झोय या वैद्याने आपले पंचतंत्र पहलवी म्हणजे इस्लामपूर्व फारसी भाषेत नेले. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते अरबीत आणले आणि ‘कलीला व दिम्ना’ या नावाने ते पुन्हा फारसीत आले. पुढे 1082 च्या सुमारास कैकाऊस या इराणी राजाने मुलासाठी ‘काबूसनामा’ लिहिला.

सादी शिराजचा, शिकला बगदादला. त्याच्या हयातीत मंगोलांनी इराणातली शहरेच्या शहरे उद्ध्वस्त केली. शिराज ज्यात येते त्या फार्स प्रांताच्या सल्गुरी राजांनी खंडणी भरली म्हणून शिराज वाचले. अनेक वर्षांच्या भटकंतीनंतर सादी घरी परतला, 1257 मध्ये ‘बुस्तान’ आणि 1258 मध्ये ‘गुलिस्तान’ पूर्ण केले. त्याच 1258 च्या फेब्रुवारीत मंगोल सरदार हुलागूने बगदाद घेतले आणि खलिफाला ठार केले. सादीने बगदादवर शोकगीते लिहिली. ‘गुलिस्तान’चा आरंभ त्याच वसंतातला, एका बागेतला. मित्राने पदरात फुले भरून घेतलेली पाहून सादी म्हणतो, ही पाच-सहा दिवस टिकतील. मी कधी न कोमेजणारी बाग लिहितो.

पुस्तकाचे आठ भाग. पहिलाच राजांच्या वागण्याविषयी. त्यातली मिठाची गोष्ट मला विसरता येत नाही. शिकारीवर अनुशिरवानसाठी मांस भाजले जात होते आणि मीठ नव्हते. गावात नोकर धाडताना राजा बजावतो, दाम देऊनच आण, नाहीतर तसा रिवाज पडेल आणि गाव उजाड होईल. इतक्याशा मिठाने काय बिघडणार, असे लोक विचारतात. तो म्हणतो, जुलमाचा पाया आधी लहानच होता. जो आला त्याने त्यात भर घातली.

नम्रतेची एक जागाही तशीच विसरता न येणारी आहे. हमामात हाती आलेल्या सुगंधी मातीला सादी विचारतो, तू कस्तुरी की अंबर? माती म्हणते, मी क्षुद्र मातीच, काही काळ गुलाबाच्या संगतीत होते. हे प्रस्तावनेत, आश्रयदात्या राजाच्या स्तुतीलगत येते. सादीला मिळालेली वाहवा त्याची स्वतःची नाही, राजाच्या संगतीची आहे, असे ती माती सांगते. तोच सादी काही पानांनंतर राजांना खडसावतो, तेव्हा त्या नम्रतेत भित्रेपणा नव्हता हे कळते.

भारतात फारसी शिकणारी मुले कित्येक शतके याच पुस्तकावर वाचायला शिकली. दख्खनच्या बहमनी आणि आदिलशाही राज्यांत फारसी कारभाराची भाषा होती. मराठीत गुलाब, रयत, दरबार हे शब्द त्या संबंधातूनच रुळले. इराणात दरवर्षी इराणी पंचांगातल्या 1 ऑर्दिबेहेश्तला, म्हणजे साधारण 21 एप्रिलला, सादी दिन पाळतात. बागेतल्या त्या संवादासाठी प्रस्तावनेत सादीने दिलेली तारीख हीच.